पेट्रोलची करवत आणि बॅटरीची करवत

आमच्या वाळूजला वळवाचा पाऊस कधी एकटा येत नाही. आधी धुळीची वावटळ उठते, तिच्या पाठोपाठ सोसाट्याचा वारा सुटतो, आणि पावसाचे चार टपोरे थेंब पडून वारा ओसरला म्हणजे रस्त्याच्या कडेचा एखादा गुलमोहर आडवा झालेला दिसतो. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. त्याचा डौल उन्हाळ्यापुरता, वाऱ्यापुढे त्याचे काही चालत नाही. गेल्या खेपेस औद्योगिक वसाहतीतील एका रस्त्यावर असेच एक झाड पडले. नेमकी पाळी बदलण्याची वेळ होती. कामगारांच्या बसगाड्या दोन्ही बाजूंस अडकल्या, आणि थोड्याच वेळात दोन माणसे दोन करवती घेऊन आली.

एकाचे वय पंचावन्नच्या पुढचे. त्याच्या हातात पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत होती. आपण सर्वजण तिला चेन-सॉ म्हणतो. दुसरा पंचविशीचा तरुण, आणि त्याची करवत बॅटरीवर चालणारी. तरुणाने खटका दाबताच करवत चालू झाली, आणि दहा मिनिटांत त्याने साऱ्या डहाळ्या व मनगटाएवढ्या फांद्या उतरवल्या. वृद्धाने दोरी पाचसहा वेळा ओढली तेव्हा कोठे इंजिनाने दाद दिली. परंतु एकदा दाद दिल्यावर ते गरजू लागले, आणि बुंधा कापावयाचे काम त्यानेच शेवटास नेले. कारण तोपर्यंत तरुणाच्या बॅटरीतील शक्ती संपली होती. भोवती जमलेल्या मंडळींत लगेच वाद जुंपला. कोणी म्हणाले, "पेट्रोल ते पेट्रोल!" कोणी म्हणाले, "आता जमाना बॅटरीचा." मी आयुष्यभर यंत्रशाळेत शिकवले हे ठाऊक असलेल्या एकाने मला विचारले, "मास्तर, तुम्हीच सांगा, यांतली चांगली कोणती?" त्या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर उभ्याउभ्या देण्यासारखे नव्हते. ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम या दोन करवतींत समान काय आहे ते पाहू. लाकूड कापते ती साखळी. लांबट पात्याच्या कडेने खाचेतून ती फिरते, आणि तिच्या कड्यांवर वाकड्या नखासारखे दाते असतात. या दात्यांस आजचे रूप दिले ते अमेरिकेतील ओरेगॉन प्रांताच्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने. 1946 साली एका ओंडक्यात भुंग्याची अळी डावी-उजवीकडे लाकूड कुरतडीत चाललेली त्याने पाहिली, आणि तिच्या जबड्यावरून त्यास दात्याचा आकार सुचला. पेट्रोलची करवत असो वा बॅटरीची, दाते त्याच घडणीचे. ते बोथट झाले तर कोणतीही शक्ती उपयोगी पडत नाही, आणि गोल कानशीने त्यांस धार लावण्याचे काम दोहोंसही चुकत नाही. साखळीस तेल दोहोंतही घालावे लागते. जो विक्रेता बॅटरीच्या करवतीस तेलच लागत नाही असे सांगतो, तो अर्धे सत्य सांगतो. इंजिनाचे तेल लागत नाही, साखळीचे लागतेच.

विजेची करवत ही नवी कल्पना आहे असेही कोणी समजू नये. जर्मनीतील आंद्रेयास श्टील याने 1926 साली जी पहिली साखळी-करवत केली ती विजेचीच होती. तिचे वजन चाळीस किलोंहून अधिक असल्याने ती चालवावयास दोन माणसे लागत. तिची खरी अडचण होती विजेच्या तारेची. जंगलात वीज आणावयाची कोठून? म्हणून 1927 ते 1929 च्या सुमारास जर्मनीतच पेट्रोलच्या करवती निघाल्या, आणि पुढील साठसत्तर वर्षे रान त्यांच्याच आवाजाने दुमदुमले. 1991 साली लिथियमची बॅटरी बाजारात आली, आणि जी तार ओढून न्यावी लागे तिचे काम मुठीएवढ्या विद्युत्‌घटांनी हाती घेतले. ज्या तिघा शास्त्रज्ञांच्या संशोधनातून ही बॅटरी घडली त्यांस 2019 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, शंभर वर्षांच्या फेऱ्यानंतर करवत पुन्हा विजेकडे वळली आहे.

आता पेट्रोलच्या करवतीचे इंजिन. ते टू-स्ट्रोक जातीचे असते. वाळूजकरांस या इंजिनाची ओळख करून देणे म्हणजे काशीस गंगाजल नेणे होय. 1985 साली बजाजचा कारखाना येथे सुरू झाला, आणि घरोघरचे तरुण इंजिनाच्या जोडणीत हात काळे करू लागले. त्या काळी स्कूटरच्या टाकीत पेट्रोलाबरोबर तेल घालावे लागे. पंपावरचा मनुष्य ते मापाने ओती, आणि गाडी निघाली की मागे निळसर धुराची रेघ राही. 1972 साली निघालेली चेतक स्कूटर पुढे बंद झाली. 2020 साली तेच नाव घेऊन बॅटरीची गाडी आली. रस्त्यावरून गेलेले ते टू-स्ट्रोक इंजिन करवतीत मात्र अद्याप नांदत आहे, आणि त्यास सबळ कारण आहे. चार-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी तेलाचा साठा असतो, म्हणून ते फारसे कलते करता येत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. साधारणतः एका लिटरास 20 मिलिलिटर. म्हणून ती करवत आडवी धरा, उलटी धरा, झाडावर चढून तिरपी धरा, इंजिन चालतच राहते. शिवाय त्याचे भाग थोडे, वजन कमी, आणि वजनाच्या मानाने शक्ती पुष्कळ.

दोषही त्याच रचनेत आहेत. जळालेला वायू बाहेर लोटण्याचे काम ताज्या पेट्रोलमिश्रित हवेकडून करून घेतले जाते. त्या लोटालोटीत ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच निसटतो. जुन्या घडणीच्या इंजिनात हे नुकसान चौथाईपर्यंत जाते. नव्या इंजिनांत ते बरेच घटवले आहे, परंतु नाहीसे झालेले नाही. आणखी एक अडचण अलीकडची. सांप्रत पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. करवत पावसाळ्यानंतर टाकी न रिकामी करता कोनाड्यात ठेवली, तर काही महिन्यांनी टाकीच्या तळाशी पाणी साठते, कार्बुरेटरमधील रबराचे पडदे खराब होतात, आणि पुढील वळवाच्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा निखळण्याची पाळी येते. करवत वर्षातून चार वेळा वापरणाऱ्याने टाकी रिकामी करण्याची शिस्त पाळली, तर मेस्त्रीकडील निम्म्या खेपा वाचतील.

यानंतर शक्तीचा हिशोब करू. एक लिटर पेट्रोलात सुमारे 9 युनिट ऊर्जा असते. करवतीचे इंजिन त्यातील सहावा हिस्सा साखळीपर्यंत पोचवते असे धरले, तर दीड युनिट कामी आले. बाकीची उष्णता, धूर व आवाज यांत गेली. मध्यम आकाराच्या करवतीच्या बॅटरीत 200 वॅट-तास, म्हणजे युनिटाचा पाचवा हिस्सा साठतो. विजेची मोटर काटकसरी असल्याने त्यातील 85 टक्के तरी साखळीस मिळतो. भागाकार केला म्हणजे दिसते की एका लिटर पेट्रोलाची बरोबरी करावयास नऊ भरलेल्या बॅटऱ्या लागतात. रानात दिवसभर लाकूड पाडणाऱ्याने नऊ बॅटऱ्यांची मोळी पाठीवर वाहावी काय? वाहू नये. त्यास पेट्रोलच बरे.

परंतु घराभोवतीची वा शाळेच्या आवारातील छाटणी निराळी. तेथे मनुष्य पाच सेकंद फांदी कापतो आणि दोन मिनिटे ती ओढून बाजूस लावतो. त्या दोन मिनिटांत इंजिन उगाच धडधडत पेट्रोल पिते. मोटर मात्र स्वस्थ असते. सतत चालवल्यास बारा मिनिटांत संपणारी बॅटरी अशा कामास तासभर सहज पुरते.

पैशाच्या हिशोबात मात्र एक फसगत आहे. एक बॅटरी भरावयास पाव युनिटाहून कमी वीज लागते, म्हणजे दोन-अडीच रुपये. आणि लिटरभर पेट्रोलास शंभर रुपयांवर मोजावे लागतात. हे ऐकून श्रोत्यांस वाटेल की निकाल लागला. पण बॅटरी ही साठवणीची पेटी आहे आणि तिचे आयुष्य मोजके आहे. समजा, तिची किंमत दहा हजार रुपये आहे आणि ती पाचशे वेळा भरता येते. मग प्रत्येक भरणीमागे वीस रुपये बॅटरीच्या झिजेचे पडले. नऊ भरण्यांचे 180 आणि विजेचे वीस, मिळून 200 रुपये. लिटरभर पेट्रोल व त्यातील तेल यांहून हा आकडा मोठाच आहे! उलट बाजूने पेट्रोलच्या करवतीचा प्लग, गाळणी, कार्बुरेटरची सफाई आणि मेस्त्रीची मजुरी धरावी लागेल. सारांश, थोड्या कामास बॅटरी स्वस्त पडते, भारी कामास पेट्रोल. आणि जो केवळ "दोन रुपयांत काम" म्हणतो त्याने निम्मीच वही उघडली आहे.

येथवरचा हिशोब कोणीही कागदावर मांडील. परंतु त्या दिवशी रस्ता मोकळा झाल्यावर जे पाहिले, त्याने मला निराळ्याच हिशोबाची आठवण दिली. चहाच्या टपरीवर तो वृद्ध करवतवाला माझ्या शेजारी येऊन बसला. कपबशी त्याने दोन्ही हातांनी धरली, तरी बशीत चहा हिंदकळत होता. मी विचारले, "मामा, हात दुखतो काय?"

तो म्हणाला, "दुखत नाही मास्तर, कळतच नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी बोटं पांढरीफटक पडतात, कापसासारखी. सदऱ्याची बटणं नातू लावून देतो." मग थोडे थांबून म्हणाला, "तुम्ही जरा मोठ्यानं बोला."

श्रोतेहो, हा एकट्या त्या माणसाचा भोग नव्हे. करवतीचे इंजिन मिनिटास हजारो फेरे घेते, आणि त्याचे हादरे मुठीवाटे बोटांत शिरतात. वर्षानुवर्षे असे झाले म्हणजे बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडतात. थंडी लागली की बोटे पांढरी व बधिर होतात. या विकारास 'पांढरी बोटे' असेच नाव पडले आहे. जपानच्या सरकारी जंगलांत 1960 नंतरच्या दशकात साखळी-करवती चालवणाऱ्या कामगारांत हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला, तेव्हा एका माणसाने दिवसास दोन तासांहून अधिक काळ करवत धरू नये अशी मर्यादा घालावी लागली. त्यानंतर मूठ व इंजिन यांच्यामध्ये रबर वा स्प्रिंग बसवून हादरे पुष्कळ कमी केले गेले. तरीही इंजिनाचे हादरे ते इंजिनाचेच. मोटरीचे त्याहून बहुधा सौम्य असतात.

कानाचेही तसेच. आरोग्यशास्त्राचा एक मान्य ठोकताळा असा की, 85 डेसिबेलचा आवाज आठ तास सोसावा, आणि पुढे दर तीन डेसिबेलला ही मुदत निम्मी करावी. त्या हिशोबाने 100 डेसिबेलचा आवाज उघड्या कानाने अवघी पंधरा मिनिटे सोसण्याजोगा. आणि पेट्रोलची करवत चालवणाऱ्याच्या कानाशी 100 डेसिबेल किंवा त्याहून जास्तच आवाज करते. बॅटरीच्या पुष्कळ करवती 90 च्या मागेपुढे राहतात, म्हणजे पंधरा मिनिटांच्या जागी सुमारे दोन तास मिळतात. यातून कान झाकण्याची गरज नाहीशी होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. राहिला धूर. तो तर तोंडापासून हातभर अंतरावर निघतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो आणि न जळलेले पेट्रोलही असते.

आता विचार करा, करवत विकत कोण घेतो? ठेकेदार, कारखान्याचा बागखात्याचा अधिकारी, किंवा सोसायटीचा चिटणीस. आणि ती धरतो कोण? रोजंदारीवरचा मनुष्य. बॅटरीची जास्तीची किंमत घेणाऱ्याच्या खिशातून जाते. पेट्रोलची जास्तीची किंमत धरणाऱ्याच्या बोटांतून, कानांतून व छातीतून जाते, आणि ती कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. माझे सांगणे एवढेच की, दोन यंत्रांची तुलना करताना ही न लिहिलेली रक्कम बेरजेत धरावी. ती धरली म्हणजे निकाल पुष्कळ वेळा बदलतो.

याचा अर्थ बॅटरीची करवत निर्दोष आहे असा मात्र नव्हे. तिचा मोठा धोका तिच्या मौनात आहे. इंजिन धडधडत असले म्हणजे मनुष्य आपोआप सावध राहतो. मोटर गप्प असली की ती बंद आहे असे वाटते. पण खटक्यास बोट लागताच साखळी त्याच वेगाने सुटते. म्हणून कानस हाती घेण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूस ठेवावी. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेकला म्हणजे करवत उसळी मारून चालवणाऱ्याच्या तोंडावर येते. हा नियम दोन्ही करवतींस लागू आहे. साखळीचा ब्रेक, डोक्यास शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी आणि पायांस जाड संरक्षक कापड यांवाचून कोणतीच करवत हाती धरू नये. लहान आणि शांत यंत्राने झालेली जखम लहान नसते.

आमच्या हवेचा प्रश्न निराळाच आहे. मे महिन्यात येथे पारा 40 अंशांवर जातो. लिथियमची बॅटरी अशा उन्हात गाडीच्या टपावर ठेवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. आणि तापलेली बॅटरी चार्जरात घातली तर चांगला चार्जर ती निवेपर्यंत वीज घेऊच देत नाही. मंडळी त्यास बिघाड समजतात; वस्तुतः ते यंत्राचे शहाणपण असते. बॅटरी सावलीत ठेवावी, दोन तरी बाळगाव्यात, आणि वादळात वीज जाते हे ओळखून आदल्या रात्रीच भरून ठेवाव्यात. निकामी झालेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नये. 2022 च्या नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, ती आपण त्यांच्याकडून पुरी करून घ्यावी.

तेव्हा त्या गृहस्थांच्या प्रश्नास माझे उत्तर असे. कारखान्याच्या आवारातील छाटणी, सोसायटीतील फांद्या, इस्पितळाचे किंवा शाळेचे अंगण, येथे बॅटरीची करवत घ्यावी. इस्पितळ व शाळा यांभोवतीचे निदान शंभर मीटरचे क्षेत्र 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार शांततेचे म्हणून जाहीर करता येते. तेथे इंजिन गरजवणे मुळातच अनुचित. जुन्या बाभळीचा किंवा चिंचेचा कठीण बुंधा, वादळानंतर अडलेला हमरस्ता, वीज नसलेले शिवार, येथे आजही पेट्रोलच्या करवतीस पर्याय दुबळा आहे. तेथे ती वापरावी, पण चालवणारे हात दोन ठेवावेत. आळीपाळीने काम द्यावे, कानास आच्छादन द्यावे, आणि हादरे कमी करणारी मूठ असलेलेच यंत्र घ्यावे. ज्याच्याकडे दोन्ही कामे येतात त्याने दोन्ही करवती ठेवाव्यात. त्या दिवशी रस्त्यावर नकळत तेच घडले होते: डहाळ्या एकीने उतरवल्या, बुंधा दुसरीने कापला, आणि बसगाड्या अर्ध्या तासात सुटल्या.

जाता जाता एक शेवटची गोष्ट. पूर्वी मोठे झाड पाडावयाचे म्हणजे दोन माणसे दोहों टोकांस आरा धरून दिवसभर घाम गाळीत. तेवढ्या वेळात कोणीतरी वाटेने जाणारा थांबे, विचारी, "कशाला पाडता?" आणि क्वचित झाड वाचेही. इंजिनाच्या करवतीने तो दिवस तासावर आणला; पण तिचा आवाज निदान गावभर ऐकू जाई. बॅटरीच्या करवतीने तोही गेला. झाडाचा जीव आता कोणास न कळता जाऊ शकतो. शहरांतील झाडांसाठी 1975 सालचा आणि अन्यत्र 1964 सालचा राज्याचा कायदा आहे. झाड पाडण्यापूर्वी परवानगी घेण्याचे बंधन त्यांत घातले आहे. आवाज नसलेल्या करवतीच्या काळात ही परवानगी हीच झाडाची हाक होय. ती मागण्याचा आळस करू नये.

त्या वृद्ध गृहस्थास मी परवा पुन्हा भेटलो. त्याच्या ठेकेदाराने फांद्यांच्या कामापुरती एक बॅटरीची करवत घेतली आहे, असे त्याने सांगितले. "हलकी आहे," तो म्हणाला, "पण सवय व्हायला वेळ लागेल. चालू आहे की बंद, तेच कळत नाही." मी त्यास म्हटले, "मामा, बॅटरी काढून बघत जा." तो हसला. सदऱ्याची वरची दोन बटणे त्या दिवशीही नातवानेच लावलेली होती. गेलेली बोटे नव्या यंत्राने परत येत नाहीत. परंतु त्या पंचविशीच्या तरुणाची तरी शाबूत राहावीत, एवढ्यासाठी हा सारा हिशोब.